हाकेला येणारा कुत्रा : विजेच्या पट्ट्याविषयी चार शब्द



या पानावर आपण नेहमी बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. तो वस्तीवरच्या कुत्र्याचा आहे. "आता शेतकी खात्याने कुत्र्यांचाही विकास हाती घेतला काय?" असे कोणी थट्टेने म्हणेल. म्हणू द्या. ऊस नोंदीसाठी वीस वर्षे वस्तीवस्तीवर फिरलेल्या माणसाला 'भीक नको, पण कुत्रा आवर' ही म्हण शाळेत शिकावी लागत नाही.

पण हा लेख आमच्या चिटबॉयच्या पोटऱ्या वाचवण्यासाठी लिहिलेला नाही. अलीकडे काही सभासदांच्या मुलांनी मोबाईलवरून कुत्र्यासाठी विजेचे पट्टे मागवले आहेत. पट्टा कुत्र्याच्या गळ्यात आणि बटण मालकाच्या हातात. बटण दाबले की कुत्रा जिथे असेल तिथे त्याला धक्का बसतो. "साहेब, हा पट्टा घ्यावा का? ह्याने कुत्रं हाकेला येतं का?" असे चार-पाच जणांनी मला विचारले. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा लेख.

हाकेला येणे का महत्त्वाचे

आपल्या भागात कुत्रा हाकेला न येणे ही नुसती गैरसोय नाही. हंगाम सुरू झाला की वस्तीच्या अरुंद रस्त्यावरून भरलेल्या ट्रॉल्या जातात. कुत्रा भुंकत आडवा गेला तर त्याचा जीव जातो, आणि मोटारसायकलवाला असेल तर माणसाचाही जाऊ शकतो. बैलगाडीचे तर विचारूच नका. दीड-दोन टन उसाची गाडी जुंपलेले बैल कुत्र्याने बुजवले, तर ती गाडी बांधावरून खाली जायला वेळ लागत नाही.

दुसरे, तोड झालेल्या फडात मेंढरे बसवतात. मेंढरांच्या मागे लागलेला कुत्रा म्हणजे मेंढपाळाचे नुकसान आणि आपली भरपाई. तिसरे, बिबट्या. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात अभ्यासकांनी बिबट्यांची विष्ठा तपासून त्यांचा आहार शोधला. त्या भागातील बिबट्यांच्या खाद्यात वजनाने सर्वांत मोठा वाटा पाळीव कुत्र्याचा निघाला, सुमारे ३९ टक्के. म्हणजे दिवस मावळताना उसाच्या कडेला रेंगाळणारा आणि हाक मारून न येणारा कुत्रा कोणाच्या ताटात बसलेला असतो, ते वेगळे सांगायला नको.

माझ्या हातून झालेली चूक

दुसऱ्याला शिकवण्याआधी स्वतःचे सांगतो. पंधरा-एक वर्षांपूर्वी आमच्या घरी मोत्या नावाचा कुत्रा होता. संध्याकाळ झाली की तो घुशींच्या मागे उसात शिरायचा. मी बांधावर उभा राहून हाका मारायचो. तो यायचा, पण अर्ध्या तासाने. आला की मी त्याला दोन रट्टे द्यायचो.

माझ्या मते मी त्याला उशीर केला म्हणून मारत होतो. त्याच्या मते तो आला म्हणून मार बसत होता. कुत्र्याला अर्ध्या तासापूर्वीचा हिशेब कळत नाही. मार बसण्याआधी त्याने शेवटचे काय केले? तो माझ्याजवळ आला. तेवढेच तो शिकला. पुढे पुढे तो दहा पावलांवर येऊन कान पाडून बसायला लागला. मला वाटायचे, बेटा कोडगा झाला.

एका हंगामात सकाळच्या वेळी तो रस्त्याच्या पलीकडे होता आणि मी अलीकडे. उतारावरून दोन भरल्या ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर येत होता. मी ओरडलो, "मोत्या, ये!" तो निघाला. रस्त्याच्या मध्यावर आला. माझा चढलेला आवाज ऐकून सवयीप्रमाणे थांबला आणि कान पाडून खाली बसला.

ड्रायव्हरचा दोष नव्हता. भरल्या ट्रॉल्या जागच्या जागी थांबत नाहीत. मोत्याला आम्ही बांधावरच्या आंब्याखाली पुरले. त्या दिवसापासून एक गोष्ट मी मनाशी पक्की केली आहे, आणि या लेखातून तुम्ही एवढीच घेतली तरी पुष्कळ झाले : हाकेच्या शब्दामागे दुःख येता कामा नये.

पट्टा म्हणजे नक्की काय

आता पट्ट्याकडे वळू. पट्ट्याला एक डबी असते. डबीच्या आतल्या बाजूला दोन धातूची टोके असतात, ती कुत्र्याच्या मानेच्या कातडीला टेकतात. दुसरा भाग म्हणजे हातातला रिमोट. त्यावर बहुधा तीन बटणे असतात. एकाने बीप असा आवाज होतो, दुसऱ्याने मोबाईलसारखी थरथर होते, तिसऱ्याने विजेचा धक्का बसतो. धक्का कमी-जास्त करण्यासाठी आकडे असतात.

हा धक्का रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनइतका जोराचा नसतो. क्षणभराचा असतो आणि त्याने सहसा भाजत नाही. पण लहान आकड्याला जी नुसती टोचणी असते, तीच मोठ्या आकड्याला चांगली कळ आणते. शिवाय प्रत्येक कुत्र्याची सोसण्याची ताकद वेगळी. केसाळ कुत्र्याला जे कळतही नाही, त्याने तुळतुळीत कातडीचा कारवानी किंचाळतो. ओल्या अंगाला आणि कोरड्या अंगालाही फरक पडतो.

आणखी एक गोष्ट. खोक्यावर छापलेले अंतर मोकळ्या माळावरचे असते. दहा-बारा फूट वाढलेला ऊस म्हणजे पाण्याने भरलेली भिंत. त्यात रिमोटची लहर लवकर मरते. म्हणजे जिथे पट्ट्याची खरी गरज पडेल, तिथेच तो दगा देण्याचा संभव अधिक.

कुत्रा नक्की काय शिकला?

आमच्या एका सभासदांच्या मुलाने असा पट्टा आणला. मुलगा शिकलेला, हौशी. त्यांचा कुत्रा मेंढरांच्या मागे लागायचा. आधी दोन मेंढ्यांची भरपाई दिलेली होती, म्हणून घरचेही वैतागलेले. पहिल्याच दिवशी कळप दिसला, कुत्रा सुटला, पोराने हाक मारली आणि सर्वांत मोठ्या आकड्यावर बटण दाबले. कुत्रा जागेवर कोलमडला आणि केकाटत घरी पळाला. "बघा दादा, पहिल्याच दिवशी काम फत्ते!" असे पोरगे म्हणाले.

आठ दिवसांनी मी नोंदीसाठी त्या वस्तीवर गेलो. सकाळी गार होते म्हणून खांद्यावर घोंगडी होती. मला ओळखणारा तो कुत्रा दात विचकून माझ्या अंगावर आला. नंतर उलगडा झाला. धक्का बसला त्या क्षणी कुत्रा मेंढरांकडे बघत नव्हता. कळपाच्या पुढे घोंगडी पांघरलेला मेंढपाळाचा मुलगा होता, त्याच्याकडे बघत होता. कुत्र्याने हिशेब केला : घोंगडीवाला माणूस आला की मानेला चावतो. मग तो घोंगडीवाल्याला आधीच हाकलायला लागला. मेंढरांचे वेड होते तसेच राहिले.

यात कुत्र्याचे काय चुकले? काही नाही. तो शिकला, पण आपल्याला हवे ते शिकला नाही. बटण आपल्या हातात असते, पण त्या क्षणी कुत्र्याच्या डोळ्यांसमोर काय आहे ते आपल्या हातात नसते. त्या जागी घोंगडीऐवजी घरचे लहान मूल असते तर काय झाले असते, याचा विचार करा.

परदेशात पट्टा वापरणारे जे जाणते शिक्षक आहेत, ते अशी सुरुवात करीत नाहीत. कुत्र्याने जेमतेम कान हलवावा इतका लहान आकडा ते शोधतात. कुत्र्याला लांब दोरी लावतात. हाक मारतात, बारीक टोचणी देतात, दोरीने कुत्र्याला आपल्याकडे वळवतात आणि तो वळला त्याच क्षणी टोचणी बंद करतात. टोचणी थांबवायची किल्ली आपल्याच पायांत आहे, हे अशा रीतीने कुत्र्याला कळते. म्हणजे त्यांच्याकडेही आधी शिकवण आहे, दोरी आहे आणि क्षणाचे भान आहे. बटण सर्वांत शेवटी येते. आपल्याकडे पट्टा येतो तो फक्त बटण घेऊन. बेणे न लावताच युरिया टाकल्यासारखे हे झाले. उगवायचे काय?

शिकवण्याची रीत

खाली दिलेली रीत घरच्या घरी करता येते. खर्च भाकरीचा आणि दोरीचा. वेळ रोज सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटे. साधारण दोन महिने धरून चाला.

१. शब्द एकच ठरवा. वडील 'यू यू' करतात, आई नावाने हाक मारते, पोरे शिट्टी वाजवतात. कुत्र्याने कोणाचे ऐकायचे? घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द धरावा. उसाच्या भागात साधी पिवळीधमक प्लॅस्टिकची शिट्टी उत्तम. तिचा आवाज दूर जातो, कोणीही वाजवली तरी सारखाच येतो, आणि शिट्टीला राग येत नाही.

२. अंगणात सुरुवात करा. कुत्रा भुकेला असताना दोन पावलांवरून शिट्टी वाजवा आणि लगेच भुईमुगाच्या दाण्याएवढा तुकडा द्या. भाकरी चालते, सुकट किंवा उकडलेले अंडे असेल तर कुत्रा जीव टाकतो. कांदा, द्राक्षे, बेदाणे देऊ नयेत, ते कुत्र्याला बाधतात. आणि आपला कारखाना साखरेचा असला तरी कुत्र्याला साखर-गुळाची सवय नको. एका वेळी दहा वेळा करा. चार-पाच दिवसांत शिट्टीसरशी मान वळायला लागते.

३. लांब दोरी लावा. तीस फूट हलकी सुती दोरी घ्या. ती गळ्याला न बांधता छातीच्या पट्ट्याला बांधा, म्हणजे मानेला हिसका बसणार नाही. दोरी हाताला गुंडाळू नका, बोटे जातील. मोकळ्या रानात कुत्र्याला हुंगू द्या. मग एकदाच शिट्टी वाजवा. आला तर तुकडा आणि शाबासकी. नाही आला तर ओरडू नका, पुन्हा पुन्हा शिट्टीही वाजवू नका. दोरी हळूहळू आखडत त्याला जवळ आणा आणि तरीही तुकडा द्या. हाक एकदा, आणि आलेच पाहिजे, एवढे त्याला कळू द्या.

४. आल्यावर परत सोडा. इथे बरेच जण चुकतात. आपण कुत्र्याला हाक मारतो ती बांधण्यासाठी. मग त्याने का यावे? दहा वेळा बोलवा, नऊ वेळा तुकडा देऊन परत खेळायला सोडा. अंघोळ घालायची असेल, औषध द्यायचे असेल, साखळीला बांधायचे असेल, तर शिट्टी वाजवू नका. स्वतः चालत जा आणि त्याला आणा.

५. मोह हळूहळू वाढवा. आधी कोंबड्या लांबून, मग शेळ्या, मग रस्त्यावरच्या गाड्या. दहापैकी आठ वेळा पहिल्या हाकेला आला तरच पुढची पायरी. अंतर आणि मोह एकदम वाढवू नका, एका वेळी एकच. कारवानी जातीचा कुत्रा डोळ्यांनी शिकार धरतो. एकदा ससा दिसून सुटला की त्याला कानच राहत नाहीत. त्याला सुटण्याआधी, नुसते कान टवकारले त्याच क्षणी बोलवायला हवे.

६. उशिरा आला तरी मारू नका. अर्ध्या तासाने आला, चिखल माखून आला, शेजाऱ्याची कोंबडी तोंडात धरून आला, तरी आला याबद्दल गोंजारा. राग आपल्यावर काढा, कारण दोरी आपण लवकर सोडली.

लागण नीट झाली नसेल तर खोडव्यात नांगे पडतात हे आपण जाणतो. इथेही तसेच. एखादी पायरी गाळली तर नांगा तिथेच दिसेल, आणि तो नेमका ट्रॅक्टर समोर असताना दिसेल. तेव्हा मागच्या पायरीवर जा आणि नांगे भरा.

पट्टा घरात आलाच असेल तर

ज्यांनी पैसे घातले आहेत त्यांनी पट्टा फेकून द्यावा असे मी म्हणत नाही. त्यातील थरथरीचा उपयोग होतो. बहिऱ्या कुत्र्यांना बोलावण्यासाठी जाणकार लोक थरथरीचा पट्टा वापरतात, तीच युक्ती आपण घेऊ.

पहिले आठ-दहा दिवस पट्टा बंद ठेवून नुसता गळ्यात घाला, म्हणजे कुत्र्याला त्याचे अप्रूप राहणार नाही. मग अंगणात थरथरीचे बटण क्षणभर दाबा आणि लगेच तुकडा द्या. काही कुत्री थरथरीलाही दचकतात. तसे दिसले तर तिथेच थांबा. नाही दचकला तर वरच्या सगळ्या पायऱ्या दोरी लावून थरथरीने पुन्हा करा. थोड्या दिवसांनी थरथर म्हणजे 'घरी चल, भाकरी तयार आहे' असा निरोप होतो. वाऱ्यात शिट्टी ऐकू जात नाही तेव्हा हा निरोप कामाला येतो. धक्क्याच्या बटणावर मात्र चिकटपट्टी लावून टाका. घाईत चुकीचे बटण दाबले जाते.

सूचना थोडक्यात :

पट्टा आणि मान यांत एक बोट जाईल इतकाच घट्ट बांधावा. फार सैल पट्टा घासतो, फार घट्ट पट्टा रुततो.

दिवसातून काही तासच घालावा, रात्री काढावाच. टोके एकाच जागी टेकून राहिली तर जखम होते, म्हणून रोज कातडी पाहावी आणि जागा बदलावी. जखम दिसली तर पट्टा बंद आणि पशुवैद्यकीय दवाखाना.

विजेच्या पट्ट्याला साखळी किंवा दोरी कधीही बांधू नये.

पिल्लू, गाभण कुत्री, आजारी, भित्रा किंवा अंगावर येणारा कुत्रा यांना असा पट्टा घालू नये.

रिमोट लहान मुलांच्या हाती देऊ नये. मुलांना तो खेळ वाटतो.

अभ्यास काय सांगतो

हे सगळे माझ्या मोत्याच्या दुःखातून लिहिले, असे कोणास वाटू नये. इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी ६३ पाळीव कुत्र्यांवर हाच प्रश्न तपासला. हाकेला न येणे, जनावरांच्या मागे लागणे अशा तक्रारी असलेली ही कुत्री होती. त्यांचे २१-२१ चे तीन गट केले. पहिल्या गटाला पट्टा वापरण्यात तयार असलेल्या शिक्षकांनी पट्ट्याने शिकवले. दुसऱ्या गटाला त्याच शिक्षकांनी पट्ट्याशिवाय शिकवले. तिसऱ्या गटाला बक्षीस देऊन शिकवणाऱ्या शिक्षकांनी शिकवले.

निष्कर्ष २०१४ आणि २०२० साली प्रसिद्ध झाले. पट्ट्याने कुत्री शिकली नाहीत असे नव्हे, शिकली. पण पट्ट्यामुळे जास्त काही साधले नाही. पट्ट्याच्या गटातील कुत्र्यांत ताणाची लक्षणे अधिक दिसली, आणि पहिल्याच हुकुमाला ऐकण्यात बक्षिसाचा गट सरस ठरला. तयार शिक्षकांच्या हातून हे असे, तर आपल्या हातून काय होईल? ब्रिटनमधील वेल्समध्ये तर २०१० पासून धक्क्याच्या पट्ट्याला बंदी आहे.

आपल्या देशातही प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. जनावराला विनाकारण वेदना देणे हा त्यात गुन्हा आहेच. शिवाय सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवून मोकळे न करणे हेही त्यात क्रूरतेच्या यादीत आहे. म्हणजे 'हाकेला येत नाही ना, मग राहू दे बारा महिने साखळीला' हाही उपाय नव्हे. शिवाय साखळीचा कुत्रा बिबट्याला आयता सापडतो.

शेवटी

त्या सभासदांचे पुढे काय झाले, असे विचाराल. पट्टा कपाटात गेला. मुलाने तीस फुटांची दोरी आणि शिट्टी घेतली. पहिले पंधरा दिवस कुत्रा त्याच्या हाताजवळ यायलाही भीत होता. तो वेळ नुसता विश्वास परत मिळवण्यात गेला. मी दर खेपेला घोंगडी खांद्यावर टाकून जात होतो, लांब उभा राहत होतो आणि जमिनीवर भाकरीचा तुकडा टाकत होतो. तिसऱ्या महिन्यात कळप पाणंदीने जाताना मुलाने शिट्टी वाजवली. कुत्रा धावत होता, तो थबकला. क्षणभर मेंढरांकडे पाहिले, आणि वळला. मेंढपाळ तिथूनच ओरडला, "आता बरं झालं पाव्हणं!"

अजूनही तो दहातून एकदा चुकतो. म्हणून कळपाच्या वेळी दोरी लावतात. तेवढी कसर राहणारच, तो काही यंत्र नाही. सभासद म्हणाले, "साहेब, नाव घालू नका, पण लिहा. दुसऱ्याचं तरी असं होऊ नये." म्हणून लिहिले.

गळीत हंगाम सुरू व्हायला दोन-अडीच महिने असतील तेव्हा शिकवायला घ्या. ट्रॉल्या रस्त्यावर येतील तोवर कुत्रा हाकेत येईल. त्याच सुमारास गावच्या दवाखान्यात रेबीजची लसही टोचून घ्या. शंका असल्यास गट कार्यालयात आठवडी बाजाराच्या दिवशी मला भेटावे. कुत्र्याला सोबत आणले तरी चालेल; फक्त दोरी लावून आणावे, ही विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी